बदलीवाल्यांचा इतिहास

मराठीत कामगार-इतिहासाचे स्मरण होते ते बहुधा शोकगीताच्या सुरात. जानेवारी महिना आला की १८ जानेवारी १९८२ ची आठवण निघते, बंद पडलेल्या गिरण्यांच्या चिमण्यांची छायाचित्रे छापून येतात, भोंगा थांबल्याची खंत व्यक्त होते आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलविषयी दोन कडवट वाक्ये लिहिली जातात. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने (१९९७) ही पडझड एका घराच्या चार भिंतींत अशी काही बांधली की पुढच्या बऱ्याच लेखनाने तोच सूर उचलला, २०१० मध्ये त्या नाटकावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपटही आला. ‘अधांतर’ श्रेष्ठ आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आपल्या वाचनाविषयी. एका मोठ्या पराभवाची गोष्ट आपण इतक्या मनःपूर्वक ऐकली की त्याआधीची शंभर वर्षे तिच्या पूर्वरंगाइतकीच उरली. कावसजी दावर यांच्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून १९८२ पर्यंत जे घडले ते सगळे जणू शेवटच्या अंकाची तयारी होती, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

या समजुतीचा एक परिणाम असा की आपल्या डोळ्यांसमोरचा ‘गिरणी कामगार’ हा नेहमी कायम नोकरीतला माणूस असतो. त्याला हजेरीपत्रक आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, बोनस आहे, मुलाला गिरणीत चिकटवण्याची आशा आहे, आणि हे सारे १९८२ नंतर त्याच्याकडून हिरावून घेतले गेले. हे चित्र खोटे नाही, पण ते गिरणगावाच्या उत्तरायुष्यातले आहे, आणि तेव्हाही सर्वांचे नव्हते. ज्या काळात या वर्गाने आपले बहुतेक हक्क मिळवले त्या काळात त्याच्यापाशी यांतले जवळजवळ काहीच नव्हते. म्हणून आज मागे वळून काही शिकायचेच असेल तर १९८२ कडे पाहून फारसे हाती लागणार नाही, १८८४ आणि १९२८ कडे पाहावे लागेल, असे मला वाटते. आजचा कंत्राटी सफाई कामगार, वखारीतला रोजंदार किंवा मोबाइलवर आलेल्या हुकमाबरहुकूम जेवणाचे डबे पोहोचवणारा तरुण यांचे नाते १९८० च्या कायम कामगाराशी दूरचे आहे. त्यांचा सख्खा पूर्वज म्हणजे बदलीवाला.

बदलीवाला म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. पहाटे गिरणीच्या दाराशी माणसांचा घोळका उभा राही. आत कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता कोण जाणार, हे जॉबर ठरवी. जॉबर हा मुकादम, पण आजच्या मुकादमापेक्षा त्याची सत्ता मोठी होती. माणूस घेणारा तोच, काढणारा तोच, आणि बरेचदा व्याजाने पैसे देणाराही तोच. काम मिळवायचे तर त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या व्हिटली आयोगाने या लाचखोरीची सविस्तर नोंद केली आहे. पगार महिना संपल्यावर कितीतरी दिवसांनी होई, म्हणजे काम सुरू करतानाच माणूस कर्जात असे. विणकऱ्याच्या हातून कापड खराब झाले की ते कापड त्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. मालकाला विचारावे तर तो म्हणे, माणसे जॉबरची. जॉबरला विचारावे तर तो म्हणे, हुकूम मालकाचा. आज कंपनी कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि कंत्राटदार कंपनीकडे. मोबाइलवरच्या कामात तर बोट दाखवायला माणूसही उरलेला नाही. कुणाला काम द्यायचे, कुणाचे खाते बंद करायचे, हे गणित ठरवते. जॉबरशी निदान भांडता तरी येत असे.

अशा माणसांना संघटित करता येत नाही, हे आज जितक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते तितक्याच आत्मविश्वासाने तेव्हाही सांगितले जात होते. ते खोटे ठरवण्याची सुरुवात नारायण मेघाजी लोखंडे यांनी केली. लोखंडे सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी. १८८० पासून ‘दीनबंधु’ त्यांच्याकडे होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या पाहाव्यात. आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. यात पगारवाढ नाही. आज आपल्याला हे फार माफक वाटते. पण नीट पाहिले तर या साऱ्या मागण्यांचा विषय एकच आहे: वेळ. दिवस कुठे संपतो, आठवडा कुठे संपतो, केलेल्या कामाचा पैसा कधी हाती येतो. ज्या माणसाला पुढच्या दिवसाची खात्री नाही त्याच्यासाठी लढ्याचा पहिला मुद्दा हाच असतो, हे लोखंड्यांनी अचूक हेरले होते.

त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनला नियमावली नव्हती, सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता. पुढच्या काळातील सरकारी अहवालांत आणि डाव्या इतिहासलेखनातही हा मुद्दा तिची उणीव म्हणून येतो, आणि ती खऱ्या अर्थाने कामगार संघटना नव्हतीच, असा निष्कर्ष काढला जातो. मला हा निष्कर्ष थोडा पुस्तकी वाटतो. वर्गणी भरणारा सभासद होण्यासाठी आधी माणूस त्या गिरणीत पुढच्या महिन्यात असावा लागतो. तसा तो नसताना २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकसंघाने रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवडी सुट्टीचे तत्त्व आले. रविवारी जो कुणी उशिरा उठतो त्याने हे लक्षात ठेवावे, असा एक गुळगुळीत विनोद भाषणांत केला जातो. त्यापेक्षा हे लक्षात ठेवणे अधिक उपयोगाचे की ही सुट्टी अशांनी मिळवली ज्यांचे नाव कोणत्याही पटावर पक्के नव्हते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि माणसे गावाकडे पळाली. तेव्हा जे घडले ते २०२० च्या अनुभवाशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. गिरण्यांना माणसे मिळेनात. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी मालकांची माणसे चढी बोली लावू लागली, आणि महिनाभर थकीत राहणारा पगार काही काळ रोजच्या रोज हातात पडू लागला. पळून जाणे हेच त्या काळी सौदाशक्तीचे एक रूप ठरले. (लोखंडे मात्र गावाला गेले नाहीत. प्लेगच्या रुग्णांसाठी काम करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये ते प्लेगनेच गेले.) २०२० मध्येही लाखो माणसे चालत गावी गेली. परंतु या वेळी उत्तर म्हणून मजुरी वाढली नाही, कामाचे तास वाढले. अनेक राज्यांनी कायद्यात सवलती देऊन बारा तासांच्या पाळीला वाट करून दिली. गुजरातची अशी अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली म्हणून ती गोष्ट निदान नोंदली तरी गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेणाऱ्या दुरुस्तीस मंजुरी दिली. आठवड्याची एकूण मर्यादा, कामगाराची संमती, जादा कामाचा मोबदला असे सगळे त्यात आहे, असे सांगितले गेले. संमती! ज्याचे कंत्राट दर काही महिन्यांनी नवे होते त्याची संमती कशी घेतली जाते, हे कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या चहाच्या टपरीवर विचारावे.

१९२८ चा संप या साऱ्यात मध्यवर्ती आहे. २६ एप्रिलपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सहा महिन्यांच्या जवळपास, सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. याच संपात गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) जन्माला आली आणि वर्ष संपता संपता तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. कारण होते कार्यक्षमतेच्या नावाखाली एका माणसाकडे जास्त यंत्रे देण्याचे, म्हणजे थोड्या माणसांत तेवढेच काम उरकण्याचे. शब्द बदलले आहेत, तत्त्व ओळखीचे आहे. डांगे, जोगळेकर, निमकर, मिरजकर यांच्या नेतृत्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी त्यांची धरपकड झाली, त्याच वर्षीचा दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि संघटना खिळखिळी झाली, हेही सर्वश्रुत आहे. त्यापेक्षा मला एक साधा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सहा महिने पगार नसताना दीड लाख माणसे जगली कशी?

उत्तर युनियनच्या कचेरीत सापडत नाही, ते चाळीत आणि खानावळीत सापडते. राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या इतिहासग्रंथांत हे फार बारकाईने दाखवले आहे, आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गोळा केलेल्या गिरणगावच्या मौखिक कहाण्यांतही ते पानोपानी दिसते. कोकणातून, साताऱ्याकडून एकटे आलेले पुरुष एका खोलीत दहा-पंधरा मिळून राहत. जेवायला खानावळवाल्या बाईकडे जात. संपाच्या काळात ती बाई उधारीवर जेवू घाले, वाणी उधारीवर धान्य देई, घरमालक भाड्यासाठी थांबे, कारण या सर्वांचा धंदा त्याच कामगारावर अवलंबून होता. कित्येक जण सरळ गावी गेले आणि पेरणी करून परतले. गाव, चाळ, तालीम, भजनी मंडळ, नाका हे सगळे मिळून संपाचे कोठार होते. युनियनने यावर आपली गिरणी समित्यांची उभारणी केली. गिरणीगणिक कामगारांनी निवडलेली ही मंडळी खात्यातली रोजची भांडणे तिथल्या तिथे हाताळू पाहत. वरून आलेल्या भाषणांपेक्षा या समित्यांची मालकांना अधिक धास्ती होती, असे त्या काळच्या मालकांच्या तक्रारी वाचताना जाणवते.

आज हे कोठार नाही, ही खरी अडचण आहे. काम एका ठिकाणी, खोली दुसऱ्या उपनगरात, शेजारी तिसऱ्याच धंद्यातला. तरीही एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. मोठ्या उपाहारगृहांच्या बाहेर, फुटपाथवर, दुचाकींवर बसून ऑर्डरची वाट पाहणारी मुले रोज त्याच जागी भेटतात, एकमेकांना गाडी दुरुस्तीला पैसे देतात, अपघात झाला तर वर्गणी काढतात, त्यांचे आपापसातले निरोपांचे गट आहेत. देशात वेगवेगळ्या शहरांत त्यांनी जी कामबंद आंदोलने केली ती अशाच जागांवरून उभी राहिली. याला संघटना म्हणायचे की नाही, हा वाद १८८४ मध्ये जितका पोकळ होता तितकाच आजही आहे.

या इतिहासाचे गौरवीकरण करताना आपण जे हटकून गाळतो त्याकडे आता वळतो. सूतकताईपेक्षा विणकामाच्या खात्यात मजुरी बरीच अधिक होती. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकरी कसा हाताळणार? ही बंदी मालकांच्या लेखी नियमात नव्हती. ती कामगारांनी कामगारांवर घातलेली होती. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी नेत्यांना बजावले की हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत आली नाही तर आपण दलित कामगारांना संपात राहू नका असे सांगू. नेत्यांनी ती मागणी बऱ्याच नाखुशीने घातली. धनंजय कीरांनी आंबेडकर-चरित्रात पुढचे सांगितले आहे ते चटका लावणारे आहे: ही मागणी मालकांपुढे आली तेव्हा त्यांनी नेत्यांनाच सुनावले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकाने कामगार नेत्याला नीतीचा धडा द्यावा आणि तो बिनतोड असावा, अशी वेळ चळवळीवर आली, कारण ऐक्याची घोषणा देणाऱ्यांनी आपल्या खात्यातला धोटा तपासला नव्हता.

या प्रसंगातून दोन टोकांचे निष्कर्ष काढले जातात, आणि दोन्ही मला अपुरे वाटतात. एक असा की जात ही कामगार चळवळीत फूट पाडणारी बाब, तिचा उच्चारच नको. दुसरा असा की दलित कामगारांचा त्या लढ्याशी संबंधच नव्हता. पहिल्याला खुद्द आंबेडकरांनी उत्तर दिले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत असे मांडले. त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचा भाग आहे, हा त्यांचा विधिमंडळातील युक्तिवाद आजही मुळातून वाचावा असा आहे. दुसऱ्या निष्कर्षाला आर. बी. मोरे यांचे आयुष्य हेच उत्तर आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत असलेला हा माणूस पुढे लाल बावट्याखाली आयुष्यभर काम करतो आणि आंबेडकरांशी नाते तोडत नाही. त्याला कोणत्या रकान्यात घालायचे, हे आपल्या इतिहासकारांना अजून नीट ठरवता आलेले नाही. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला नायक रेल्वेतला कामगार आहे आणि त्याला मारहाण करतात ते त्याच्याबरोबर राहणारे-काम करणारेच. मराठी कथेने १९६३ मध्ये जे सांगून टाकले ते कामगार नेत्यांच्या आत्मचरित्रांत मात्र चिमटीने शोधावे लागते. आणि आज? महानगरपालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांत बहुसंख्या कुणाची आहे, हे कुणाला सांगावे लागत नाही. कायम आणि कंत्राटी यांतली रेघ कितीतरी ठिकाणी जातीच्या जुन्या रेघेवरूनच ओढली गेली आहे. तिथे ‘सगळे कामगार एक’ ही घोषणा देणाऱ्याने आपल्या खात्यातला धोटा आधी पाहावा.

स्त्रियांविषयीही असेच. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. नंतर हे प्रमाण घसरत गेले, आणि त्या घसरणीविरुद्ध एकही मोठा सार्वत्रिक संप झाला नाही. उषाबाई डांगे यांचे ‘पण ऐकतं कोण?’ किंवा पार्वतीबाई भोर यांची ‘एका रणरागिणीची हकिकत’ ही पुस्तके आपण ‘स्त्री-आत्मकथने’ या कप्प्यात शिकवतो, कामगार-इतिहासाची साधने म्हणून क्वचितच. शीर्षकातला प्रश्न उषाबाईंनी उगाच विचारलेला नाही.

आता कायद्याकडे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात, एका क्षेत्रात, एकच ‘प्रातिनिधिक संघटना’ मान्य करण्याची पद्धत आणली. वाटाघाटी तिनेच करायच्या. कामगार दुसऱ्या कुणामागे असले तरी कायद्याच्या लेखी त्यांचा आवाज तीच. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. कागदावरची कल्पना वाईट नव्हती: संघटनांची भांडणे थांबतील, बोलणी एका तोंडाने होतील. प्रत्यक्षात मान्यता ही कामगारांच्या विश्वासापासून सुटून स्वतंत्र मिळकत बनली. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उफाळला आणि कामगार दत्ता सामंतांकडे गेले. त्या गोष्टीकडे सामंतांच्या व्यक्तिमत्त्वाची करामत म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः अडीच लाख कामगारांना आपला प्रतिनिधी बदलण्याची दुसरी वाट कायद्याने ठेवलीच नव्हती. हा कायदा रद्द करणे आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्या पगारवाढीच्या बरोबरीने त्या संपात होत्या, हे शोकगीतांत सहसा ऐकू येत नाही. सामंतांच्या डावपेचांवर टीका जरूर व्हावी. माघारीची वाट न ठेवता संप लांबवणे ही गंभीर चूक होती, आणि तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यापाशी मोजायला फार काही नव्हते. पण केवळ त्या टीकेवर थांबणारा मनुष्य १९४६ च्या कायद्याला निर्दोष सोडतो.

हे आज पुन्हा का उगाळायचे? कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले, आणि त्यांतील औद्योगिक संबंध संहितेत एकावन्न टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद असतील तीच एकमेव वाटाघाटी करणारी संघटना, अशी तरतूद आहे. तसे नसेल तर वीस टक्क्यांचा आधार असलेल्या संघटनांची परिषद. संपाआधी नोटीस सर्वच उद्योगांत सक्तीची झाली आहे, निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरला जातो, आणि कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या आस्थापनांपासून पुढे लागू होते. एकावन्न टक्के कुणाचे मोजायचे? मुदतीच्या करारावरचे, कंत्राटदाराचे, शिकाऊ म्हणून घेतलेले यांतले कोण त्या मोजणीत येणार आणि कोण बाहेर राहणार, यावरच सारे अवलंबून आहे. गिरणगावाने हा प्रयोग छत्तीस वर्षे भोगला.

दुसरीकडे सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांचे अस्तित्व प्रथमच मान्य केले. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये त्यांची संख्या सुमारे ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या निधीत घालावी, असे ही संहिता म्हणते. मात्र व्याख्या करताना हे काम पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचे आहे, असे सांगून मोकळी होते. म्हणजे मदत मिळेल, मालक मिळणार नाही.

नेमक्या या जागी महाराष्ट्रापाशी स्वतःचा एक अनुभव आहे आणि आपण तो विसरलो आहोत, याचे मला नवल वाटते. बाजारातला हमालही एका मालकाचा नसतो. सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्या. मालक कोण, हा प्रश्न विचारला की प्रत्येक व्यापारी हात वर करी. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याची रचना अशी की मालकांचीही नोंदणी, कामगारांचीही नोंदणी, मध्ये मालक, कामगार आणि सरकार यांचे मंडळ. मजुरी मंडळाकडे जमा व्हायची, तिच्यावर मालकाने ठरलेली लेव्ही भरायची, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, दवाखाना. कामगार दहा मालकांचे काम करो की वीस, त्याचे खाते एकच. मोबाइलवरच्या कामाला ही रचना जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते, आणि तिथे तर प्रत्येक फेरीची नोंद आधीच यंत्रात आहे. हमालाच्या वारणीसारखी ती हाताने मोजावी लागत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी मंडळ व कल्याणनिधीचे कायदे केले. ज्या राज्यात ही कल्पना पन्नास वर्षांपूर्वी हमालांनी अमलात आणून दाखवली त्या राज्यात अण्णासाहेब पाटलांचे नाव आज घेतले जाते ते बहुधा आरक्षणाच्या किंवा कर्जाच्या महामंडळाच्या संदर्भात. पुण्यात बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत आणि नंतरची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत यांचा अनुभवही याच जातकुळीचा. कचरा वेचणाऱ्या बाईला ‘मालक’ नसताना ओळखपत्र आणि हक्क कसा मिळवून द्यायचा, याचे ते जिवंत उदाहरण आहे.

माथाडी कायद्याच्या नावाने काही ठिकाणी खंडणी उकळली जाते, ही उद्योजकांची तक्रार निराधार नाही. मंडळांचा कारभार ढिला आहे, नोंदणीत वशिला चालतो, हेही खरे. पण जॉबरची दस्तुरी होती म्हणून कुणी रविवारची सुट्टी परत मागितली नव्हती.

शेवटी आपल्या, म्हणजे हे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या वर्गाविषयी थोडे. भाऊ पाध्ये यांनी ‘डोंबाऱ्याचा खेळ’मध्ये (१९६०) युनियनच्या आतले राजकारण लिहिले ते त्या जगात वावरून, नारायण सुर्वे गिरणी कामगाराच्या घरात वाढले आणि स्वतः गिरणीत राबले, अण्णा भाऊंचेही तेच. आज त्यांच्यावर परिसंवाद घेणारी आम्ही मंडळी महाविद्यालयांत आहोत. आणि महाविद्यालयांत काय आहे? राज्यभर मराठी विभागांतले कितीतरी अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. जितके तास, तितके पैसे. सुट्टीचे पैसे नाहीत, मानधन कधी सहा महिन्यांनी, तर कधी वर्ष उलटल्यावर, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. पगार पंधरा तारखेपर्यंत मिळावा, ही १८८४ ची मागणी त्यांना आजही जशीच्या तशी करता येईल. वर्गात ‘माझे विद्यापीठ’ शिकवून बाहेर पडलेला हा अध्यापक, दारावरचा कंत्राटी रखवालदार आणि प्रसाधनगृहे धुणारी कंत्राटी बाई हे तिघे एकाच संस्थेचे बदलीवाले आहेत. अध्यापकांची संघटना वेगळी आहे, तीही कायम आणि तासिकावाले अशी दुभंगलेली. रखवालदाराची संघटना नाही. त्या बाईचे नाव विभागातल्या किती जणांना ठाऊक असते, हे विचारण्याजोगे आहे. तिला पगार कोण देते, हे तर प्राचार्यांनाही कंत्राटाची फाइल काढूनच सांगावे लागते.